जुने हार्वेस्टर आणि दुरुस्तीचा हक्क



सोयाबीन पिकले की शेंग फार दिवस थांबत नाही. ऊन कडक पडले तर ती तडकते, परतीचा पाऊस आला तर दाणा डागाळतो. अशा घाईच्या दिवसांत हार्वेस्टर बंद पडले आणि एक बेअरिंग तालुक्यात मिळाले नाही, तर नुकसान बेअरिंगच्या किमतीएवढे राहत नाही. उभे पीक जाते. म्हणून या वेळी नट-बोल्टचा विषय घेतला आहे.

'जुने मोडीत काढा, कर्ज काढून नवे घ्या' हा सल्ला फुकट मिळतो. हप्ता मात्र शेतकऱ्यालाच भरावा लागतो. यंत्राची चौकट आणि इंजिन धड असेल, तर जुने हार्वेस्टर चालू ठेवण्यातच शहाणपण आहे, असे आमचे मत आहे.

पंजाब ट्रॅक्टर्सने १९८० साली 'स्वराज ८१००' हे स्वयंचलित हार्वेस्टर आणले. ही कंपनी २००९ साली महिंद्रमध्ये विलीन झाली. पाट्या बदलतात, कारखाने विकले जातात. पण जुन्या यंत्राच्या पोटात गूढ असे फारसे काही नसते. पंजाबात बनलेल्या बऱ्याच हार्वेस्टरांत ट्रकचेच इंजिन असते. त्याचे सामान तालुक्याच्या गावी मिळू शकते. बेअरिंगवर कोरलेला नंबर म्हणजे त्याचे मापच. ६२०५ घ्या. शेवटच्या ०५ ला पाचाने गुणा, आतले छिद्र २५ मिलिमीटर. ६२०६ चे ३०. बाहेरून आलेल्या जुन्या यंत्रांत शाफ्ट इंची मापाचा असू शकतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यावर २५ चे बेअरिंग चढणार नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी व्हर्नियरने शाफ्ट मोजा. पट्ट्याचेही तसेच. 'बी' पट्ट्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर, 'सी'ची २२. एका पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदला. एकटा नवा पट्टा सगळा ताण घेतो आणि लवकर तुटतो.

दुरुस्तीचा संबंध थेट बियाण्याशीही आहे. ड्रमच्या दातेरी पट्ट्या आणि खालची जाळी झिजली की मळणी नीट होत नाही. मग चालक ड्रमचा वेग वाढवतो. सोयाबीनची साल पातळ; दाणा वरून धड दिसतो, पण आत मुका मार बसतो आणि उगवण घटते. बियाणे प्रमाणित व्हायला उगवण किमान ७० टक्के लागते. घरचे बियाणे राखणाऱ्याने झिजलेल्या पट्ट्यांची काटकसर करू नये. त्या वेळेवर बदलाव्यात, वेग कमी ठेवावा.

आता हक्काचे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेती अवजारांचा समावेश केला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही उघडले. पण संकेतस्थळाने शाफ्ट फिरत नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १ जानेवारी २०२४ पासून कायदाच लागू आहे. शेती यंत्राचे सुटे भाग, हत्यारे, माहितीपुस्तिका आणि संगणकीय आज्ञावली मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीला देणे तिथे कंपनीवर बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा मोठी शेते, मोठी यंत्रे, त्यांनाही कायदा मागावा लागला! आमची मागणीही तीच आहे: यंत्र विकले की त्याचे भाग आणि पुस्तिका ठरावीक वर्षे, जाहीर दराने मिळालीच पाहिजेत. यात सबसिडी मागितलेली नाही. विकत घेतलेल्या वस्तूवर मालकाचा पुरता ताबा असावा, एवढेच मागणे आहे.

मागणी पदरात पडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. हंगाम संपला की यंत्रातला भुसा झाडा, पट्टे ढिले करा, पात्यांना तेल लावा, उंदरांपासून वायरी सांभाळा. आणि जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक हार्वेस्टर मालकाने एक कागद आणावा: यंत्राचे नाव, वर्ष, बेअरिंग व पट्ट्यांचे नंबर, कोणता भाग कुठे मिळाला आणि कोणता मिळाला नाही. त्यातून जिल्ह्याची एक वही करू. एकाच्या खळ्यात पडलेला गिअर दुसऱ्याचा हंगाम वाचवील. आणि जे भाग कोणालाच मिळाले नाहीत, त्यांची यादी घेऊन सरकारच्या दारात जाऊ.