नांदगाव ते नांदगाव, खांद्यावर गळ

नांदगाव नावाची गावं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की लगेच येतं ते नांदगाव पेठ: एमआयडीसीचं, वीज केंद्राचं. त्याच जिल्ह्यात दुसरं नांदगाव खंडेश्वर. रात्री अमरावतीहून सुटणारी मुंबईची गाडी प्रवाशांना झोपेतच नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाववरून नेते. आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुडची वाट धरली की अगदी समुद्राला लागून आणखी एक नांदगाव येतं. तिथं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, सुरूची बनं आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि लांबलचक वाळू आहे.

पेठेतलं नांदगाव आणि हे नांदगाव यांच्यात सहाशेहून जास्त किलोमीटर अंतर आहे. वऱ्हाडातलं कुटुंब सुट्टीत ते पार करतं तेव्हा त्याच्याकडे वेळ थोडा आणि हौस मोठी असते. समुद्र दिसला की मुलं पाण्यात धावतात, मोठी माणसं फोटो काढतात, घोडागाडीची एक फेरी होते आणि संध्याकाळी जेवणाच्या ताटात सुरमई येते. दोन दिवसांनी सगळे परत निघतात. तेवढ्या वेळात समुद्र पाहून होतो, त्याची ओळख मात्र राहून जाते.

ती ओळख करून घेण्याचा एक स्वस्त आणि जुना मार्ग आहे. हलकी काठी घेऊन किनाऱ्यावर उभं राहायचं आणि गरवायचं.

गरवणं हा कोकणातला शब्द. गरी म्हणजे मासे धरायचा आकडा. गरी टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. वऱ्हाडात त्याच वस्तूला गळ म्हणतात, आणि अस्सल वऱ्हाडी जिभेवर 'ळ'चा 'य' होऊन त्याचा 'गय' होतो. वर्धा नदीच्या काठच्या भोई-ढिवरांना गळ परका नाही. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झालं. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असं विदर्भाच्या लेकीची आठवण ठेवणारं नाव आहे. अमरावती शहराला आणि नांदगाव पेठच्या उद्योगांना पाणी तिथूनच येतं. धरणा-तलावांच्या काठी बांबूची काठी, कणकेची गोळी आणि पाण्यावर तरंगणारं पीस घेऊन बसलेली पोरं वऱ्हाडात कुणालाही दिसतील. तेव्हा गळ टाकणं वऱ्हाडी माणसाला शिकवावं लागत नाही. त्याला नवीन असतं ते हलणारं पाणी.

लागणारं सामान एका पिशवीत मावतं. सात ते नऊ फुटांची, दोन-तीन तुकड्यांत जोडता येणारी काठी, लहान रील, तीन-चार किलोचा ताण सोसणारा तंगूस, थोडं शिसं आणि बारीक गऱ्या. तंगूस म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याकडे हा शब्द ऐकायला मिळतो. आमिषाला बाजारातली कोळंबी पुरते. जड काठ्या, मोठी रीलं, दूरवर फेकायची जड शिसं हे सगळं मोठ्या माशांसाठी. सुट्टीवर आलेल्या माणसाला हलकी काठी बरी, कारण बोटभर माशाने दिलेला झटकासुद्धा तिच्यातून थेट हातापर्यंत पोचतो.

अशा काठीसाठी कोकणच्या वाळूत एक मासा जणू राखून ठेवलेला आहे. त्याचं नाव मुडदुशी. पापलेट-सुरमईसारखा तिचा गाजावाजा नाही, पण किनाऱ्यावरच्या घरांत तिच्या तळलेल्या तुकड्यांची वाट पाहिली जाते. अंग निमुळतं, चंदेरी, फिकट वाळूच्या रंगाचं. लांबी साधारण वीतभर. फार वाढली तर फूटभर. तोंड अगदी लहान. वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी टिपत ती उथळ पाण्यात फिरते आणि धोका वाटला की वाळूत शिरून बसते. शास्त्रज्ञ तिला सिलॅगो सिहामा म्हणतात.

याच कुळातले मासे जपान आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरही लाडके आहेत. जपानमध्ये त्यांना किसु म्हणतात. वाळूवर उभं राहून लांब काठीने किसु धरणं हा तिथला मोठा छंद आहे आणि किसुचा तेंपुरा हे नावाजलेलं खाणं. ऑस्ट्रेलियात त्यांना व्हायटिंग म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात 23 सेंटीमीटरहून लहान सँड व्हायटिंग घरी नेता येत नाही, पट्टी लावून मोजायचं आणि लहान असेल तर पाण्यात सोडायचं. रायगडच्या वाळूवर वऱ्हाडातला एखादा मुलगा जे करतो, तेच त्या वेळी हजारो मैलांवर दुसरं कुणी त्याच कुळाच्या माशासाठी करत असतं.

मुडदुशी कशी लागते, हे जवळून पाहण्यासारखं आहे. भरती सुरू होऊन दोन-तीन तास झालेले असतात. लाटा फुटतात तिथून अलीकडे, किनाऱ्याला समांतर, पाण्याचा एक गडद पट्टा दिसतो. तो चर. नवखा माणूस जीव खाऊन लांब फेकतो आणि त्याचं शिसं चराच्या पलीकडे जाऊन पडतं. मासा मात्र या चरात, कधी कधी गुडघाभर पाण्यात असतो. जाणता माणूस पंधरा-वीस पावलांवर गरी टाकतो. गरीला कोळंबीचा नखाएवढा तुकडा, गरीचं टोक जेमतेम बाहेर. मग तंगूस ताणून तो तर्जनीच्या पेरावर घेतो आणि शिसं वाळूवरून हळूहळू ओढत आणतो. लाटेची ओढ लांब आणि मऊ असते. मधेच दोन बारीक टकटक होतात, लगोलग तिसरी. घाई केली तर तुकडा जातो. क्षणभर थांबून मनगट उचललं की काठीचं टोक थरथरू लागतं. फेसातून चंदेरी अंग वर येतं, आणि हात आधी ओला करून मग ते धरायचं असतं, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा जगणं अवघड होतं.

हे सारं कधी जमतं, याचं उत्तर वऱ्हाडी घराच्या भिंतीवरच टांगलेलं असतं.

भरती-ओहोटी चंद्राच्या मागे चालते, म्हणून ती तिथीने मोजता येते. किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ते पूर्ण भरतीचे तास. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहाच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला लागतो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल बेताची.

विदर्भात एकादशीचा उपास धरणारी, चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ पाहणारी लाखो माणसं आहेत. त्यांच्या हातात अर्धं गणित आधीच असतं. ज्या कालनिर्णयात ती तिथी पाहतात, ते 1973 साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, समुद्राकाठचेच. स्वयंपाकघरातल्या त्या कागदाकडे पाहून नांदगाव पेठेतली गृहिणी मुरुडजवळच्या नांदगावात संध्याकाळी पाणी किती वाजता भरेल, हे घरबसल्या सांगू शकते. सहलीची तारीख षष्ठी ते अष्टमीच्या दरम्यान पडली, तर साडेचार ते सहाच्या दरम्यान पूर्ण भरती मिळते. म्हणजे ऊन उतरल्यावर काठी हातात घेता येते आणि पाणी चढतं असतं. नवख्या गरवणाऱ्याला याहून चांगली संध्याकाळ नाही. पौर्णिमेला गेलं तर पहाटे सहाच्या ओहोटीला किनारा उघडा पडलेला असतो. तेव्हा चर कुठे आहेत, खडक कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहून ठेवायचं.

मासे धरण्याला करमणूक मानणं हे काही साहेबांनी शिकवलेलं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, 1127 ते 1138 या काळात राज्य करणारा, त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या नाना विनोदांमध्ये त्यात 'मत्स्यविनोद' आहे: गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले मासे, त्यांना काय खाऊ घालावं, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, मासा लागल्यावर दोरी कशी सैल सोडावी आणि ओढावी. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. नायलॉन आणि रील सोडले, तर दख्खनच्या राजाचा नऊशे वर्षांपूर्वीचा छंद आणि आजच्या सुट्टीतली संध्याकाळ यांत फार अंतर नाही.

मात्र समुद्राकडे न पाहता त्यात शिरण्याची किंमत याच किनाऱ्याने पाहिली आहे. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून मुरुडला सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ही मुलं समुद्रापासून दूरच्या शहरातली होती, वऱ्हाडातली असतात तशीच. हलकी काठी घेऊन उभा राहणारा माणूस तासभर पाण्याकडे टक लावून पाहतो. पाणी चढतंय की उतरतंय, लाटा कुठे फुटतात, कुठे फुटत नाहीत आणि तिथून पाणी आत कसं ओढलं जातं, हे त्याला दिसायला लागतं. जिथे लाट फुटत नाही ती जागा नवख्याला शांत आणि सुरक्षित वाटते. बहुतेकदा तीच आत ओढणारी असते. मुलांना हे पाण्यात उतरण्यापूर्वी कळावं, यासाठी गळ हे चांगलं निमित्त आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे इथल्या सहली जूनपर्यंत लांबतात. जूनचा समुद्र खवळलेला असतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला राज्यात बंदी असते; माशांचा तो विणीचा काळ. तेव्हा काठी पिशवीतच राहावी. दिवाळीपासून मार्चपर्यंतचे दिवस खरे. खडकावर उभं राहून, विशेषतः चढत्या पाण्यात, गरवू नये. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा वाळूतून घासत न्यावा, म्हणजे वाळूत बसलेली पाकट, शेपटीला काटा असलेला तो चपटा मासा, आधीच सरकते. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांच्या काट्यांनी अनेक जण जखमी झाले होते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवून दवाखाना गाठायचा. शिंगाळा नावाच्या माशाला पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन काटे असतात. त्याला उघड्या हाताने धरायचं नाही. आणि पाण्याबाहेर काढताच फुगणारा केंड मासा कुणी खायचा नाही, त्याचं विष शिजवल्याने जात नाही.

राहिला प्रश्न किती मासे न्यायचे याचा. चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार मत्स्यव्यवसाय मंत्री असताना, 2023 मध्ये, पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्यामागे पालघरमधल्या सातपाटीच्या मच्छीमारांची कळकळ होती: लहान पापलेटं जाळ्यात जातात आणि मोठी उरत नाहीत. त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी माशाची किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. एका काठीने समुद्र रिकामा होत नाही हे खरं. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने वीतभरापेक्षा लहान मुडदुशी परत पाण्यात सोडली, तो उद्या बाजारात बोटभर पापलेटाचा वाटा पाहून आईला तो घेऊ देणार नाही. तुटलेला तंगूसही गोळा करून परत आणावा. तो वाळूत कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या गळ्यात अडकतो. कोकणच्या वाळूत नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेच गरवण्याचे दिवस.

परतल्यावर काठी आणि रील गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर खार आठवडाभरात गंज चढवतो. तीच काठी पुढे गावाकडच्या तलावावर चालते. तिथली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे दिलेली असते, म्हणून आधी त्यांना विचारायचं.

या हिवाळ्यात नांदगाव पेठ, बडनेरा, अकोल्याहून जी कुटुंबं कोकणात निघणार आहेत, त्यांनी गाडीचं तिकीट काढण्याआधी भिंतीवरची तिथी एकदा पाहावी. आणि किनाऱ्यावर पोचल्यावर गरी टाकण्याआधी तिथल्या एखाद्या कोळीदादाला विचारावं: दादा, आज पाणी किती वाजता भरेल? आपला हिशेब बरोबर आला की नाही, ते तोच सांगेल.