गोल्फ खेळताय? मग प्रत्येक होल शेवटाकडून वाचा!

७ ऑगस्ट २०२१ ही तारीख आठवते? त्या संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने टोकियोत सुवर्णपदक आणलं आणि अख्खा देश नाचला. पण त्याच दिवशी सकाळी आणखी एक गंमत घडली होती. ज्यांनी आयुष्यात कधी गोल्फ पाहिलं नव्हतं, असे हजारो लोक टीव्हीसमोर बसून एका मुलीचा चेंडू भोकात पडावा म्हणून हात जोडत होते. ती मुलगी होती बंगळुरूची अदिती अशोक.

अदिती चौथी आली. चार दिवसांत तिने ६७, ६६, ६८ आणि ६८ असे एकूण २६९ फटके घेतले. तिच्या पुढे असलेल्या दोघी २६८ वर होत्या. म्हणजे चार दिवस, ७२ होल आणि पदक हुकलं फक्त एका फटक्याने!

आता यातली खरी गोष्ट ऐका. अदितीचा लांब फटका तिच्यासोबत खेळणाऱ्या बऱ्याच जणींपेक्षा लहान होता. तरीही ती शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. कशी? चेंडू कुठे पाठवायचा आणि कुठे अजिबात पाठवायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि तिची बॅग उचलून सोबत चालणारी कॅडी कोण होती माहितीये? तिची आई!

मित्रांनो, आजच्या सदरात आपण हेच शिकणार आहोत. नवा रायपूरच्या फेअरवे गोल्फ अँड लेक रिसॉर्टमुळे आपल्याकडेही आता या खेळाची ओळख वाढते आहे. कुणी नुकतंच शिकायला लागलंय, कुणाचा मुलगा किंवा मुलगी शिकते आहे, तर कुणी फक्त टीव्हीवर बघतंय. तुम्ही यांपैकी कुणीही असा, एक होल कसा विचार करून खेळायचा हे कळलं की खेळाची मजा दुप्पट होते.

आधी चार शब्द समजून घेऊ

जिथून पहिला फटका मारतात ती जागा म्हणजे टी. मधला कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या बाजूचं वाढलेलं गवत म्हणजे रफ. वाळूचा खड्डा म्हणजे बंकर. आणि शेवटी जिथे झेंडा असतो, ते गालिच्यासारखं गवत म्हणजे ग्रीन. ग्रीनवर चेंडू हलकेच घरंगळवतात, त्या फटक्याला पट म्हणतात. भोकाचा व्यास फक्त १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे जेमतेम चहाच्या बशीएवढा.

प्रत्येक होलचा एक पार ठरलेला असतो. पार ४ म्हणजे चांगल्या खेळाडूने दोन फटक्यांत ग्रीनवर यावं आणि दोन पटमध्ये चेंडू भोकात घालावा. एक फटका जास्त लागला तर बोगी, दोन जास्त लागले तर डबल बोगी. एक कमी लागला तर बर्डी.

नवशिक्यांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की कार्डावरचा पार तुमच्यासाठी नाहीच! तुमचा हँडिकॅप १८ असेल तर ढोबळमानाने तुम्हाला प्रत्येक होलला एक जादा फटका मिळतो. म्हणजे पार ४ तुमच्यासाठी पार ५ आहे. हे मनात पक्कं बसलं की अर्धी घाई तिथेच संपते.

होल उलटा का वाचायचा?

आपण टीवर उभे राहतो आणि पहिला विचार येतो, "किती लांब मारू?" इथेच गडबड होते. आधी झेंड्याकडे बघा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. ग्रीनवर कुठे पोहोचलो तर पट सोपा जाईल?
२. तिथे पोहोचायला त्याआधीचा फटका कुठून मारायला हवा?
३. त्या जागी जायला आता, टीवरून, कोणती काठी हवी?

घरी पाहुणे जेवायला आठ वाजता येणार असतील तर आपण आठपासून मागे मोजतो की नाही? कुकर कधी लावायचा, भाजी कधी चिरायची? अगदी तसंच.

एक उदाहरण घेऊ. होल पार ४, लांबी ३८० यार्ड. ग्रीनच्या अलीकडे, ३४० ते ३६५ यार्डांच्या मध्ये पाणी आहे. तुमचा ड्रायव्हर चांगला लागला तर २०० यार्ड जातो. मग १८० यार्ड उरतात आणि तेही पाण्यावरून! दहातला एखादाच फटका पोहोचेल. बाकीचे पाण्यात. पाण्यात गेला की एक दंडाचा फटका, वर पुन्हा तेच पाणी समोर. सात-आठ फटके सहज होतात.

आता उलटं वाचा. तुमची ७ नंबरची आयर्न १३० यार्ड जाते असं धरू. १३० + १३० केले की तुम्ही २६० वर, पाण्याच्या बरेच अलीकडे. उरले १२० यार्ड, ते पाण्यावरून तुमच्या हातातल्या काठीने जमतात. तीन फटक्यांत ग्रीनवर, दोन पट, एकूण पाच. बोगी झाली, पण हँडिकॅप धरला तर तुमचा पारच झाला! आणि एकदाही ड्रायव्हरला हात लावला नाही.

कोणता होल कसा खेळायचा?

पार ३ : इथे एकाच फटक्यात ग्रीन गाठायचं असतं, म्हणून सगळ्यांना झेंडा खुणावतो. झेंडा बऱ्याचदा बंकरच्या किंवा पाण्याच्या जवळ लावलेला असतो. तो विसरा आणि ग्रीनच्या मध्यावर नेम धरा. हौशी खेळाडूंचा चेंडू बहुतेक वेळा कमी पडतो, पुढे जात नाही. त्यामुळे दोन काठ्यांमध्ये शंका असेल तर लांब जाणारी काठी घ्या आणि सावकाश मारा.

सरळ पार ४ : मैदानावर हेच होल सगळ्यात जास्त असतात. संकट कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. उजवीकडे पाणी असेल तर टीच्या उजव्या टोकाला चेंडू ठेवा आणि डावीकडे नेम धरा. संकटाच्या बाजूला उभं राहून संकटापासून दूर मारायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामुळे समोरचा फेअरवे अक्षरशः रुंद दिसतो.

वळणाचा होल : याला डॉगलेग म्हणतात, कारण तो कुत्र्याच्या मागच्या पायासारखा मधेच वाकलेला असतो. झाडांवरून चेंडू उडवून कोपरा कापायचा मोह इथे सगळ्यांना होतो. चेंडू झाडांत गेला तर शोधायला फक्त ३ मिनिटं मिळतात. नाही सापडला तर एक दंडाचा फटका आणि पुन्हा जुन्या जागेवरून सुरुवात. त्यापेक्षा वळणाच्या बाहेरच्या कडेला चेंडू ठेवा. तिथून ग्रीन उघडं दिसतं.

पार ५ : हा लांबलचक होल पाहून जोर लावावासा वाटतो. खरं तर जोर लावायची गरज सगळ्यात कमी इथेच आहे. ४९० यार्डांचे तुकडे करा : २००, १६० आणि १३०. तीन साधे फटके, झालं! दुसऱ्या फटक्याच्या वेळी फक्त एवढंच बघा की तिसऱ्यासाठी तुमचं आवडतं अंतर उरेल.

ग्रीनवर : ८ फुटांवरून मोठे व्यावसायिक खेळाडूसुद्धा साधारण निम्मेच पट घालतात. मग २५ फुटांवरून तुमचा पट पडला नाही तर कपाळाला हात लावू नका. लांबच्या पटमध्ये दिशेपेक्षा वेग महत्त्वाचा. पहिला पट भोकाजवळ आणायचा, दुसरा घालायचा. तीन पट टाळले तरी १८ होलमध्ये कितीतरी फटके वाचतात.

तीन फटक्यांची आघाडी आणि एक ओढा

"हे सगळं नवशिक्यांसाठी ठीक आहे, मोठे खेळाडू थोडेच असा विचार करतात!" असं वाटत असेल तर ही गोष्ट वाचा.

वर्ष १९९९, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी मैदान, ब्रिटिश ओपनचा शेवटचा होल. फ्रान्सचा ज्याँ व्हॅन द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. पार ४ चा होल, त्याने ६ फटके घेतले असते तरी तो विजेता ठरला असता. समोर ओढा होता, त्याचं नाव बॅरी बर्न. त्याने तरीही ड्रायव्हर काढला. चेंडू भलतीकडे गेला, पण नशिबाने वाचला. आता तरी छोटा फटका मारून ओढ्याच्या अलीकडे थांबायचं? नाही. त्याने ग्रीनच्या दिशेने लांब मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून मागे आला आणि उंच गवतात अडकला. तिथून पुढचा फटका थेट ओढ्यात. हा गडी बूट-मोजे काढून पाण्यात उतरला! शेवटी ७ फटके झाले. बरोबरी झाली, जादा होल खेळवले गेले आणि ट्रॉफी पॉल लॉरी घेऊन गेला.

त्याला खेळ येत नव्हता का? तीन दिवस आणि १७ होल संपल्यावर तोच सगळ्यांच्या पुढे होता. फक्त शेवटच्या होलवर "मला किती फटके लागणार आहेत?" याऐवजी त्याने नेहमीसारखाच फटका निवडला. होल उलटा वाचला असता तर तीन छोटे फटके आणि दोन-तीन पट पुरले असते.

आपल्या रायपूरसाठी खास

वर्षभर एकच योजना चालत नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन कडक होते. चेंडू टप्पा पडल्यावर बराच पुढे धावतो, म्हणून ग्रीनच्या अलीकडेच टप्पा पाडा. पावसाळ्यात उलट होतं. चेंडू पडतो तिथेच रुततो, तेव्हा एक काठी लांबची घ्या. फेअरवेवर पावसाचं पाणी साचलं असेल तर नियमानुसार दंड न घेता चेंडू बाजूला ठेवता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

१८ होल म्हणजे चार-साडेचार तास आणि सात-आठ किलोमीटर चालणं. उन्हाळ्यात पहाटेच सुरुवात करा. टोपी, पाणी आणि लिंबू-मीठ सोबत ठेवा. तहानलेलं डोकं चुकीची काठी निवडतं. आणि वीज चमकताना दिसली तर स्कोअर कितीही चांगला असू द्या, लगेच खेळ थांबवून पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली उभं राहू नका. उघड्या मैदानात हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहणं ही सगळ्यात वाईट योजना आहे.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलं खेळत असताना बाजूने "जोरात मार!" असं ओरडू नका. त्याऐवजी हळूच विचारा, "पुढचा फटका कुठून मारायला आवडेल तुला?" उत्तर त्यांनाच शोधू द्या. चूक झाली तर पुढच्या होलपर्यंत त्यावर बोलायचं नाही, असा घरचा नियम करा. टोकियोत अदितीची आई तिच्या शेजारी चालत होती, पण प्रत्येक फटका अदितीचाच होता.

या आठवड्याचा गृहपाठ

एक छोटी वही घ्या. तुमची प्रत्येक काठी सरासरी किती यार्ड जाते ते लिहा. सगळ्यात लांब गेलेला फटका नाही, नेहमीचा! मग मोबाईलवर मैदानाचा उपग्रह नकाशा उघडा आणि प्रत्येक होलचं साधं चित्र काढा. त्यावर लाल पेनने पाणी, बंकर आणि झाडं दाखवा. हिरव्या पेनने झेंड्यापासून मागे येत तुमच्या चेंडूच्या जागा मांडा. एका पानावर एक होल. खेळून आल्यावर खाली फक्त एक ओळ लिहा : ठरवलं तसं खेळलो का?

स्कोअर नंतर बघू. १८ पैकी १२ पानांवर "हो" आलं, तर मी खात्रीने सांगते, स्कोअर आपोआप खाली येईल. अदितीचं पदक एका फटक्याने हुकलं. तुमच्या वहीत तर असे वाचवता येण्यासारखे दहा फटके सहज सापडतील. शोधा आणि आम्हाला नक्की कळवा!