शेजवान आणि तिरफळ

परवा वर्गात ‘अस्सल आणि नक्कल’ या विषयावर वाद रंगला. एका मित्राने ठणकावून सांगितले, “गाडीवरचे चायनीज म्हणजे चीनच्या अन्नाची थट्टा!” सगळे हसले. मी गप्प बसलो, कारण त्याच आठवड्यात मी घरी ती थट्टा शिजवण्याच्या खटपटीत होतो.

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाडी लागत असे. पगाराच्या दिवशी बाबा तिथून राईस आणत. सोबत शेजवान चटणीची इवलीशी पिशवी, रबराने बांधलेली. आम्ही भावंडे भातापेक्षा तिच्यासाठीच भांडत असू. २०२० च्या टाळेबंदीत गाडीवाला नेपाळला गेला, तो परतलाच नाही. त्याला आम्ही ‘चायनीजवाला’ म्हणायचो. नाव कधी विचारले नाही, याची आता लाज वाटते.

वीस बेडगी मिरच्या, चार लवंगी, अर्धा तास गरम पाण्यात भिजवलेल्या. लसणाचा अख्खा गड्डा, थोडे आले. लसूण तांबूस होण्याआधी मिरचीचे वाटण टाकायचे आणि तेल सुटेपर्यंत परतायचे. पहिल्या खेपेला मी घाई केली. कच्च्या मिरचीचा वास दोन दिवस घरात राहिला. मग व्हिनेगर, साखर, सोया सॉस. दुसऱ्या खेपेला रंग साधला, चव नाही. तिसऱ्या खेपेला चिमूटभर अजिनोमोटो घातले, तेव्हा आई ओरडली. जपानच्या इकेदांनी १९०८ मध्ये समुद्रशैवालात शोधलेली ही चव टोमॅटोतही असते, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली.

दरम्यान वाचनात आले की सिचुआन प्रांताच्या स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारी एक ‘मिरी’ असते, आणि ती आपल्या तिरफळाच्या भाऊबंदांपैकी! गाडीवरच्या चटणीत तिचा पत्ता नाही. आईच्या बांगड्याच्या कालवणात मात्र तिरफळ वर्षानुवर्षे पडते आहे. मी बिया काढून चार तिरफळे ठेचून घातली. जीभ झिणझिणली. बाबांनी चाखून वाटी बाजूला सारली. “ही ती नव्हे. बांगडा आठवला.”

आता सांगा, अस्सल कोणती? मला वाटते, गाडीवरची चटणी ही सिचुआनची फसलेली नक्कल नाहीच. ती आपल्याकडच्या कढईतच जन्मली. आणि मुळावर बोट ठेवायचे तर मिरची तरी कुणाची? ती अमेरिकेतून आली, आपल्याकडेही आणि चीनकडेही. चिनी ग्रंथात तिचा पहिला उल्लेख १५९१ चा. सिचुआनच्या तिखटाला परंपरा म्हणायचे आणि आमच्या गाडीवाल्याच्या तिखटाला थट्टा, हा कुठला न्याय?

चौथ्या खेपेला तिरफळ वगळले, व्हिनेगर वाढवले. बाबांनी बोट लावून पाहिले, क्षणभर थांबले.

“जवळ आलास. तेल अजून हवे.”