संशयिताचे गोत्र

जुन्या, न उलगडलेल्या खुनांचा छडा घरबसल्या लावण्याची हौस सांप्रत आपल्या सुशिक्षित मंडळींत बळावत चालली आहे, आणि तिने आता वंशावळीचा आश्रय घेतला आहे. मुलुंडातील आमच्या एका व्यासंगी स्नेह्यांनी राजाबाई मनोऱ्याच्या प्रकरणातील संशयिताचे सोयरेधायरे हुडकण्याचा संकल्प केला असून, आडनावांच्या जोरावर त्यांच्या रेघा आज हयात असलेल्या घरांपर्यंत येऊन ठेपल्या आहेत. उद्योग चिकाटीचा खरा. पण तो निरुपद्रवी आहे, हे त्यांचे म्हणणे आम्हांस बिलकूल मान्य नाही.

प्रकरण असे. २५ एप्रिल १८९१, शनिवार, या दिवशी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून बचुबाई व पिरोजबाई या दोन तरुण पारशी स्त्रिया खाली पडून मरण पावल्या. बचुबाई ही अर्देशिर गोदरेज यांची पत्नी; पिरोजबाई त्यांच्याच नात्यातली. माणेकजी अस्लाजी नामक पारशी इसमावर खुनाचा खटला झाला व तो निर्दोष सुटला. वर मनोऱ्यात काय घडले हे आजतागायत निश्चित झालेले नाही. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८९७ साली त्यांनी कुलपांचा कारखाना काढला. मुलुंडहून बोरीबंदरकडे जाताना विक्रोळीस ज्यांचा विस्तार दिसतो, तेच हे गोदरेज. (या दुःखातूनच कुलपे निघाली, असे सांगणारा कोणी रसिक भेटेलच. आम्ही तो मोह आवरतो.)

आता आडनावाच्या पुराव्याची किंमत पाहू. अर्देशिर यांच्या वडिलांनी गुथेराजी हे आडनाव टाकून गोदरेज हे नाव घेतले ते १८७१ साली, मुलगा तीन वर्षांचा असताना. म्हणजे १८७० च्या कागदांत गोदरेज शोधणाऱ्यास या घरातले कोणी सापडावयाचे नाही. एवढ्या प्रसिद्ध घराण्याची ही गत, तर इतरांची कथा काय? पारशी समाजात त्या काळी बापाचे नाव, धंदा, गाव यांपैकी काहीही आडनाव होऊन बसे. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? कुलकर्णी, देशपांडे ही वतनाची नावे. दोन कुलकर्णी म्हणजे दोन भाऊबंद, असे शाळकरी पोरही म्हणणार नाही. त्यात दत्तकाचा घोळ. नानासाहेब पेशवे जन्माने भट. ताईमहाराज प्रकरणात दत्तक खरा की खोटा, एवढा एक प्रश्न प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ साली निकालात निघाला. तो आमचे स्नेही एका रविवारी दुपारी सोडवू पाहतात! शिवाय लग्न झाले की मुलगी वंशवृक्षातून गळते. म्हणजे निम्मे रक्त आधीच हिशेबाबाहेर.

विलायतेतील अनुभव याहून बोलका आहे. १८८८ च्या व्हाइटचॅपेलच्या खुनांत माँटेग्यू ड्रुइट या बॅरिस्टरावर संशय घेण्यात आला तो मुख्यत्वे १८९४ च्या एका पोलीस टिपणावरून, आणि त्या टिपणाचा आधार काय, तर त्याच्या घरच्यांनाच संशय होता अशी खाजगीत मिळालेली माहिती! पुढे त्याचा चुलतभाऊ डॉक्टर लायोनेल ऑस्ट्रेलियास गेला होता हे कळताच, त्याने तिकडे रहस्य छापले अशी वदंता उठली. शोध पुष्कळ झाला, पुस्तिका मिळाली नाही. २०१४ साली एका शालीवरील डाग संशयित कोस्मिन्स्कीच्या बहिणीच्या वंशजाशी ताडून पाहून खुनी सापडल्याचा डंका पिटला गेला. परंतु आईकडून येणारे ते डीएनए असंख्य लोकांत एकसारखेच असते. त्याने एखाद्यास वगळता येईल, पकडता येणार नाही. त्यातच, शालीचे दुसऱ्या बाजूस बळी पडलेल्या स्त्रीशी नाते जोडताना जो फरक दुर्मीळ म्हणून मिरविला, तो जवळजवळ सर्व युरोपीय लोकांत असणारा निघाला. घोटाळा एका आकड्याचा होता.

पण समजा, नाते सिद्ध झाले. पुढे काय? न्यायालयाने सोडलेल्या मनुष्याच्या पणतवंडास आपण काय विचारणार? 'इतिहासाला भीड नसते' असे उत्तर मिळते. गुन्हा रक्तात शोधण्याची भीड इंग्रज सरकारलाही नव्हती. त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढे १९११ च्या कायद्याने त्याचे क्षेत्र आणखी वाढले. पारध्याच्या पोटी जन्मणे हाच पुरावा ठरला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारांच्या कुंपणात ठेवली गेली. १९५२ साली कायदा गेला. चोरी झाली की आधी पारध्याचे पाल झडते, हे आजही चालूच आहे. सुशिक्षित माणसाने तीच रीत संशोधन म्हणून दिवाणखान्यात आणावी, याचा आम्हांस संताप येतो.

या मृत्यूंचा शोध घेऊच नये असे नव्हे. खटल्याची हकीगत आहे, १८९१ ची मुंबईची वृत्तपत्रे आहेत. मनोऱ्यात त्या वेळी कोण कोण होते, कोणाची साक्ष कोठे टिकली नाही, लोकक्षोभाचा तपासावर काय परिणाम झाला, हे प्रश्न त्यांत जाऊन विचारावे. पिरोजबाईविषयी तर गोदरेजांची नातेवाईक यापलीकडे कोणी दोन ओळीही लिहीत नाही; तिच्यापासून आरंभ केला तरी चालेल. त्या कामासाठी माणेकजीच्या वंशजांचा दरवाजा ठोठावण्याचे कारण पडत नाही.