पडद्यावरचे भूत आणि गल्लीतला आमिल

मला भुताखेताचे आणि रहस्याचे सिनेमे मनापासून आवडतात. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बी.एड. झालेल्या बाईने हे छापून सांगावे, हे काहींना रुचणार नाही. 'आपा, असले पाहून अकीदा खराब होतो, मुलांच्या मनात दहशत बसते' असे स्टाफरूममध्ये ऐकून माझे कान किटले आहेत. हा आरोप एकदा नीट तपासला पाहिजे. कारण आरोप करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या मुलांच्या दंडाला आमिलाचा तावीज असतो, आणि त्या तावीजाने मुलांच्या मनात काय बसते, याची चौकशी कुणी करत नाही.

आणि या गोष्टींचे आपल्याला वावडे कधीपासून झाले? 'तिलिस्म-ए-होशरुबा'तले जादूगार आणि अय्यार कुणाचे? 1952 साली अलाहाबादेतून 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि इब्ने सफींच्या कादंबऱ्या घरोघरी उशाखाली गेल्या, त्या घरांत पाच वेळची नमाजही होत होती. इकडे मराठीत बाबुराव अर्नाळकर, नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांनी वाचकांच्या झोपा उडवल्या. आमच्या पिढीने 'आहट' पाहिले, चादर डोक्यावर ओढून. कुणी काफिर झाले नाही.

पण माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. चांगला रहस्यपट माणसाला घाबरवतो आणि मग शंका घ्यायला शिकवतो. 1949 चा कमाल अमरोहींचा 'महल' घ्या. ओसाड हवेली, रात्रीचे गाणे, झोक्यावरची मधुबाला. अंगावर काटा येतो. शेवटी कळते, ती रूह नाही, माळ्याची जिवंत मुलगी आहे. 1962 च्या 'बीस साल बाद'मध्ये ठाकुरांचे बळी घेणारी चुडैल नसते. ज्याच्या मुलीची अब्रू ठाकुराने लुटली, तो बाप असतो. 1964 च्या 'वो कौन थी'मध्ये डॉक्टरला वेडा ठरवून इस्टेट लाटायची असते, म्हणून भूत उभे केले जाते. (ज्यांनी पाहिला नाही त्यांचा रसभंग झाला, पण साठ वर्षे थांबलात, याला मी काय करू?) असे सिनेमे पाहत वाढलेल्या मुलीला भूत दिसले की तिचा पहिला प्रश्न असतो, यात फायदा कुणाचा?

या परंपरेचे सर्वांत देखणे फळ म्हणजे फाझिल या दिग्दर्शकाचा 1993 चा मल्याळम सिनेमा 'मणिचित्रताळु'. जुन्या घरातल्या सुनेच्या अंगात कुणीतरी येते, घर हादरते, आणि तिला वाचवायला येतो मानसोपचारतज्ज्ञ. तो मांत्रिकालाही सोबत घेतो, त्याची टर उडवत नाही; पण आजार हा आजारच आहे, हे तो सोडत नाही. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रियदर्शनने 2007 मध्ये यावरूनच हिंदीत 'भूल भुलैया' केला. मग 2022 मध्ये त्याच नावाचा दुसरा भाग आला. त्यात चुडैल खरी, डॉक्टर गायब, आणि नायक कोण, तर मेलेल्यांशी बोलण्याचे सोंग घेणारा बाबा! लोक हसले, सिनेमा तुफान चालला. एक चाहती म्हणून माझा संताप इथे आहे. राम गोपाल वर्मांच्या 2003 च्या 'भूत'मध्येही तेच. मी तो तीनदा पाहिला आहे, ऊर्मिलाचे काम विसरता येत नाही. पण तिथेही मानसोपचारतज्ज्ञ हात टेकतो आणि सुटका मांत्रिकबाईकडून होते. भूत खरे दाखवा, माझी हरकत नाही. डॉक्टरला दरवेळी बावळट का ठरवता?

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी प्रार्थनेच्या वेळी पडली. तोंडाला फेस, हातपाय ताठ. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता, वैद्यकाचा नव्हता. तरी फेफरे ओळखायला पदवी लागत नाही. घरच्यांनी मात्र 'सवारी' ठरवली. आमिलाने अकराशे रुपये घेतले, मग काळा बकरा, मग चाळीस दिवस घराबाहेर पाऊल नाही. ज्या घरात टीव्ही हराम, त्या घरात मुलीला मिरचीची धुरी दिली गेली. सहामाही बुडाली. शेवटी तिच्या खालाने भांडून तिला सिव्हिल हॉस्पिटलात नेले. आता रोज गोळी घेते आणि शाळेत येते.

ती सुटली. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या खासगी 'मनोरुग्ण निवासां'पैकी एकाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले 28 जण जळून मेले. बरे होतील या आशेने नातेवाइकांनीच त्यांना तिथे ठेवले होते. त्यांना कोणत्या सिनेमाने मारले? आपल्या महाराष्ट्रात 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात भूत आहे असे सांगून मारहाण करणे, धुरी देणे, बांधून ठेवणे, उपचार रोखणे हा त्याखाली गुन्हा आहे. हा कायदा आमिलालाही लागू आहे, हे आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे?

इथे कुणीतरी म्हणेलच, 'आपा, जिन्नांचा उल्लेख कुरआनात आहे.' आहे, त्यांच्या नावाची अख्खी सूरह आहे, आणि माझा त्यावर ईमान आहे. पण प्रत्येक आजारी मुलीच्या अंगात जिन्न शिरलाय आणि तो अकराशे रुपयांत निघतो, हे कुठे आहे? आजारावर औषध करा, ही तर पैगंबर साहेबांची शिकवण. ती सोडून आपण बंदी कशावर घातली, तर पडद्यावरच्या भुतावर, जे अडीच तासांत, तिकिटाच्या पैशांत निघून जाते.

आमच्या मशिदीबाहेरच्या फलकावर दर रमजानमध्ये टीव्ही-सिनेमाविरोधी पत्रक लागते. लागू दे. त्याच्या खाली बरीच जागा मोकळी असते. तिथे सिव्हिल हॉस्पिटलात फेफऱ्याचे आणि मनाचे डॉक्टर कोणत्या दिवशी, किती वाजता बसतात, एवढे लिहावे. मजकूर मी देते, उर्दूत आणि मराठीत, दोन्ही.