ताप उतरतो, दुखणे उरते

बंगळूरच्या इंदिरानगरचे नाव आज घेतले जाते ते तेथील उपाहारगृहांसाठी आणि झगमगत्या दुकानांसाठी. त्याच इंदिरानगरात राज्य कामगार विमा योजनेचे इस्पितळ आहे, ही गोष्ट त्या दुकानांत जाणाऱ्यांच्या गावीही नसते. विषाणूंवरील संशोधनाचा हिशेब मात्र अशा इस्पितळाच्या दारातच मांडावा लागेल.

२००६ साली देशात चिकुनगुन्याचे सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकात होते. महाराष्ट्रालाही या तापाची ओळख जुनी आहे. १९७३ साली बार्शीला त्याची साथ आली होती. ताप आठवडाभरात उतरतो. परंतु अनेकांची बोटे, मनगटे, घोटे महिनोन्‌महिने, काहींची तर वर्षानुवर्षे दुखत राहतात. शिवणयंत्र, लेथ वा विळा चालविणाऱ्याच्या दृष्टीने खरा आजार तेव्हा कुठे सुरू होतो. मुकादम त्याला कामचुकारपणा म्हणतो, आणि कित्येकदा डॉक्टरही त्याहून फारसे वेगळे बोलत नाहीत.

तो कामचुकारपणा नव्हे, याचा पुरावा प्रयोगशाळेत आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या साह्याने सुरू झाली. (तेलसम्राटाच्या पैशातून जनतेच्या उपयोगाची संस्था उभी राहिली, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नाही.) चिकुनगुन्यानंतर सांधेदुखी रेंगाळलेल्या रुग्णांवरील तेथील संशोधकांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या रक्षक पेशींचे कार्य या रुग्णांत मंदावलेले आढळले. उलट दाह पेटविणारे ‘टीएनएफ-अल्फा’ हे द्रव्य वाढलेले होते. आमवाताच्या रुग्णांतही हेच चित्र दिसले. शरीराचे संरक्षक दलच असे बिघडल्यावर ‘इच्छाशक्ती’ची प्रवचने काय कामाची?

कोविडनंतर हा प्रश्न जगभर उभा राहिला. येल विद्यापीठाच्या अकिको इवासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दीर्घ कोविडच्या रुग्णांच्या रक्तातही प्रतिकारयंत्रणेतील स्पष्ट फरक दाखवून दिले. अमेरिकेच्या काँग्रेसने या विषयाच्या अभ्यासासाठी ११५ कोटी डॉलर मंजूर केले. खात्रीचे औषध अजून हाती आलेले नाही.

तोवर कामगाराने काय करावे? विमा योजनेत आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, तोही वेतनाच्या ७० टक्के. क्षय, कुष्ठरोग इत्यादी ३४ दीर्घ आजारांसाठी तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. परंतु ही सवलत यादीतील नावावर मिळते. ज्या दुखण्याला कागदावर नाव मिळत नाही, त्याचा रुग्ण ९२ व्या दिवशी यंत्रापुढे उभा राहतो, नाहीतर नोकरी गमावतो.

विषाणू संस्थेचे एक केंद्र बंगळुरातही आहे. तेथून इंदिरानगरचे इस्पितळ परदेशाइतके दूर राहावे, याला कोणतेही शास्त्रीय कारण नाही. विमाधारक रुग्णांचा ताप उतरल्यानंतरही वर्षभर पाठपुरावा झाला पाहिजे, त्यांच्या रक्ताची तपासणी झाली पाहिजे, आणि निष्कर्ष प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोहोचले पाहिजेत. विमा महामंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसतात. यादीचा प्रश्न त्यांनी पुढील बैठकीतच मांडावा.