शीण आणि उसंत

धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील एक गाव. तेथील काळ्या जमिनीत डवरणी करणारा शेतकरी एक तास संपून त्याच्या टोकाशी पोहोचला, की बैलांना क्षणभर उभे करतो. बैल आळसावले, असे तो म्हणत नाही. उसंत दिल्याखेरीज दिवसाचे काम निभत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

शेताबाहेर मात्र माणसे हे शहाणपण विसरतात. 2020 च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले. कचेऱ्यांच्या बैठकाही तेथेच होऊ लागल्या. न चालता, न राबता, बसल्या जागी माणसे थकू लागली. मुलाने डोळे चोळले, की एखाद्या घरी प्रश्न येई, "बसूनच तर आहेस, थकायला काय झाले?"

हा प्रश्न अन्यायाचा होता. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलनसन यांनी 2021 मध्ये या थकव्याची चार कारणे मांडली. पडद्यावरचे अनेक चेहरे अगदी जवळून, एकसारखे आपल्याकडे पाहत असतात. स्वतःचा चेहराही सतत डोळ्यांपुढे राहतो. चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून शरीर जखडले जाते. शिवाय, समोरासमोर सहज कळणाऱ्या खाणाखुणा तेथे मुद्दाम कराव्या आणि ओळखाव्या लागतात. त्याचा मनावर भार पडतो.

तेव्हा हा शीण खरा. तो आळस नव्हे. त्यावरचे उपाय साधे आहेत. पडद्यावरील आपली प्रतिमा आपल्यापुरती झाकावी. दर 20 मिनिटांनी 20 फूट दूरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. मधल्या वेळी उठून चालावे.

परंतु सारा भार थकणाऱ्यावरच टाकणे उचित नाही. बैलाला आपले जू आपण उतरवता येत नाही. बैठक बोलावणाऱ्यानेच तिला मर्यादा घातली पाहिजे. निरोपाने काम भागत असेल, तर बैठक भरवूच नये. केंद्र शासनाने जुलै 2020 मध्ये 'प्रज्ञाता' या सूचनांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांचे दोनच तास पुरेत, असे सांगितले, हे योग्यच झाले.

शेतात तास म्हणजे औताची ओळ. शाळेत तास म्हणजे शिकण्याची वेळ. दोहोंनाही टोक हवे. थकलेल्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचा तास किती लांबला, हे पाहणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य होय.